रिफॉर्मरच्या नळीतल्या सिरॅमिक कड्या

गोव्यातल्या झुआरीनगरसारख्या ठिकाणी खतासाठी अमोनिया बनतो, तेव्हा नैसर्गिक वायू आणि वाफ यांची प्रक्रिया रिफॉर्मर नावाच्या भट्टीतल्या नळ्यांमध्ये, निकेल या उत्प्रेरकावर होते. निकेलला धरून ठेवते ती सिरॅमिकची कडी. लक्ष मात्र निकेललाच मिळतं.

कडीसाठी गॅमा अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं एक रूप) मोहात पाडतो, कारण त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला 150-200 चौरस मीटर. पण 1000-1100 अंशांच्या पुढे तो अल्फा रूपात बदलतो आणि पृष्ठफळ 10 च्याही खाली येतं. वाफेत ही घसरण आणखी लवकर होते. म्हणून इथे आधीच भाजून स्थिर केलेला अल्फा अ‍ॅल्युमिना किंवा कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट घ्यावा. त्यात सिलिका जवळपास नकोच: गरम वाफ ती उचलते आणि पुढच्या बॉयलरच्या थंड नळ्यांवर नेऊन बसवते.

कडी फुटण्याचं खरं कारण बहुधा भट्टीचं सुरू-बंद होणं हेच. तापली की धातूची नळी सिरॅमिकपेक्षा जास्त फुगते, कड्या खाली सरकून बसतात. थंड होताना नळी आवळते आणि त्यांना चिरडते. चुऱ्याने वायूची वाट अडली की ती नळी लाल पट्ट्यांनी ओळखू येते.

भरताना चुरा चाळून काढा, कड्या उंचावरून सोडू नका. प्रत्येक नळीचा दाबफरक मोजा. सरासरीपासून 5 टक्क्यांहून जास्त हलला तर नळी रिकामी करून पुन्हा भरा. कंटाळवाणं काम, पण टाळू नये.

गोव्याच्या पावसाळ्यात ड्रम उघडे राहिले तर कड्या ओल धरतात. अशा कड्या घाईने तापवल्या तर आतल्या वाफेनेच तडकतात.