तुम्ही विचारलंत म्हणून : अ‍ॅक्रन घेऊ की केंट?

मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी राहतो. मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. इचलकरंजीहून, सांगलीहून, हल्ली पुण्याहूनसुद्धा. सुरुवात तब्येतीपासून होते, मग तिकडे थंडी किती आहे ते विचारून होतं, आणि मग मूळ मुद्दा येतो : "पोराला दोन विद्यापीठांकडून प्रवेशाचं पत्र आलंय. अ‍ॅक्रन आणि केंट. टोलेडोचं यायचंय. तू तिथंच आहेस, सांग की, कुठलं चांगलं?"

मागे एकदा एका वहिनींनी त्यात भर घातली. त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं. "ही सगळी त्या मॅकमधली आहेत ना? मग दर्जा सारखाच असणार. फी कमी असेल ते घेतो."

म्हणून आता एकदा नीट सांगून टाकतो. मॅक म्हणजे मिड-अमेरिकन कॉन्फरन्स. ही विद्यापीठांची दर्जावारी नव्हे, खेळाची मंडळी आहे. १९४६ साली ओहायो आणि आसपासच्या काही विद्यापीठांनी मिळून ती काढली. हेतू साधा होता : दर हंगामात कोण कुणाशी खेळणार ते ठरलेलं असावं आणि प्रतिस्पर्धी बसनं जाता येईल इतक्या अंतरावर असावा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना पश्चिम विभाग असतो. त्यात मुंबई आणि कोल्हापूर एकत्र खेळतात म्हणून दोन्हीकडची रसायनशास्त्राची एम.एस्सी. सारखी, असं कुणी म्हणत नाही. एका पंगतीला बसले म्हणून एका घरचे होत नाहीत. (हार्वर्ड-येलची आयव्ही लीगसुद्धा मुळात खेळांचीच संघटना आहे, पण हे सांगितलं की लोकांना मी त्यांची फिरकी घेतोय असं वाटतं.)

आधी माझा कल सांगतो, म्हणजे पुढचं मोजूनमापून घ्याल. मी अ‍ॅक्रनचा. इथंच पॉलिमर, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थांचं शास्त्र, शिकलो आणि इथंच राहिलो. माझं लहानपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलं. आमच्या गावात कापड होतं, म्हणून गावात टेक्स्टाइलचं कॉलेज निघालं, यात कुणाला नवल वाटत नसे. अ‍ॅक्रनला आलो आणि तोच प्रकार दिसला, फक्त कापडाच्या जागी रबर.

गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच हे टायरवाले सगळे याच गावचे. गावाला रबर लागत होतं, म्हणून विद्यापीठ गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच रबराचं रसायन शिकवू लागलं. नंतर कारखाने गेले. फायरस्टोनचं कार्यालय गेलं, गुडरिच गेलं, गुडइयरचं मुख्यालय तेवढं राहिलं. पण शिकवणं गेलं नाही. ते रबरावरून सगळ्या पॉलिमरकडे वळलं, आणि आज गावाच्या मध्यावर काचेचे दोन मनोरे उभे आहेत त्यात तेच चालतं. आमच्या संघाचं नावही रबरातूनच आलंय. झिप्स. गुडरिचनं १९२३ साली चेनचे रबरी बूट काढले आणि त्यांना झिपर म्हटलं. आपण ज्याला पँटची चेन म्हणतो तिचं हे इंग्रजी नाव त्या बुटांमुळे रूढ झालं. दोन-तीन वर्षांनी विद्यार्थ्यांनी संघासाठी तेच नाव निवडलं आणि पुढे ते आखडून झिप्स झालं. जगात कुठल्या संघानं पावसाळी बुटाचं नाव घेतलं असेल? आणि बोधचिन्ह काय, तर कांगारू. त्याचा ना बुटाशी संबंध, ना ओहायोशी.

तर मुलाला प्लास्टिक, रबर, कोटिंग, चिकटद्रव्यं यातलं काही करायचं असेल, तर अ‍ॅक्रन. मग रँकिंग बघत बसू नका.

केंट इथून गाडीनं वीस मिनिटांवर. दोन्ही विद्यापीठांचं हाडवैर एका चाकावरून चालतं. अ‍ॅक्रनचे संस्थापक जॉन बुकटेल १८७० साली कॉलेजसाठी जागा शोधत हिंडत होते. केंटच्या बाजूला त्यांच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं, घोड्यांनी ओढता ओढता ते निखळलं आणि तिथंच राहिलं, अशी आख्यायिका आहे. पुढे खोदकामात एक चाक सापडलं. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात जो जिंकेल त्याच्याकडे ते वर्षभर राहतं. कर्णाच्या रथाचं चाक आठवणारा त्या गर्दीत बहुधा मी एकटाच असतो.

केंटबद्दल मात्र मला थट्टा करता येत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा शोधत होतो. चार ठिकाणी जागा मोकळी होती, पण प्रत्येकीभोवती कमरेएवढे दिव्यांचे खांब. आधी वाटलं, दुरुस्ती चाललीय. जवळ गेलो तर नावं होती. ४ मे १९७० ला व्हिएतनाम युद्ध कंबोडियात पसरल्याच्या निषेधात इथं विद्यार्थी जमले होते. ओहायो नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्या चौघांपैकी सँड्रा शॉयर आणि विल्यम श्रोडर हे दोघं निषेधात नव्हतेच, तासाला निघाले होते. ती माणसं जिथं पडली तिथं आजही कुणी गाडी लावत नाही. बाकी सगळ्या रेघांमध्ये गाड्या लागतात, पोरं बॅगा घेऊन वर्गात जातात. जवळच्या टेकडीवर ५८,१७५ डॅफोडिलचे कंद लावले होते, व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे एक.

अभ्यासाचं म्हणाल, तर माझा 'गाव बघा आणि विद्यापीठ ओळखा' हा नियम केंटला मोडतो. तिथं १९६५ साली लिक्विड क्रिस्टलची संस्था निघाली, ती गावातल्या धंद्यातून नव्हे, ग्लेन ब्राऊन नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यासातून. घड्याळ आणि कॅल्क्युलेटरच्या सपाट पडद्यांमागे जे तंत्र आहे, त्यात इथल्या माणसांचा मोठा हात आहे. आणि त्याच आवारात फॅशनचं नावाजलेलं स्कूल आहे. म्हणजे पडदे आणि पोशाख. वहिनींच्या मुलाला यातलं काहीच करायचं नव्हतं, त्याला डेटा सायन्स करायचं होतं. ती गोष्ट वेगळी.

डेटा सायन्स, कॉम्प्युटर म्हणता, तर याच मॅकमधलं बफेलो बघा. ते न्यूयॉर्क राज्याचं मोठं संशोधन विद्यापीठ आहे, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वजनाचं. २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं अ‍ॅमहर्स्टही मॅकमध्ये आलं. त्याचा संगणकशास्त्र विभाग देशातल्या वरच्या विभागांत धरला जातो, पण तिथं प्रवेश मिळणाऱ्याला मला फोन करायची गरज पडत नाही. अ‍ॅमहर्स्ट इथून ५०० मैलांहून लांब. बसच्या अंतरावरची मंडळी म्हणून जी सुरू झाली, ती आता विमानानं खेळायला जाते. तिकडे नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ २०२६ पासून फुटबॉलसाठी पश्चिमेकडच्या माउंटन वेस्ट या दुसऱ्या मंडळीत. पैसा जिकडे, तिकडे संघ.

नावांवर जाऊ नका, हे तर मी हात जोडून सांगतो. एका मावशींनी विचारलं होतं, "मायामीला घेतलंय, समुद्र किती लांब आहे रे?" मावशी, समुद्र फार लांब. हे मायामी विद्यापीठ ओहायोत, ऑक्सफर्ड नावाच्या गावात आहे. १८०९ साली स्थापन झालं तेव्हा फ्लोरिडा हे अमेरिकेचं राज्यसुद्धा नव्हतं, ते झालं १८४५ ला. नाव आहे ते इथल्या मूळच्या मायामी लोकांचं. त्यांना पुढे या भागातून हाकलून पश्चिमेला नेलं. संघाचं जुनं नाव त्या लोकांना हिणवणारं होतं, ते १९९७ ला बदललं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. विसाव्या शतकात मायामी भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. मग डॅरिल बाल्डविन या त्याच जमातीच्या माणसानं जुन्या कागदपत्रांतून, मिशनऱ्यांच्या शब्दसंग्रहांतून ती उचलली, घरी मुलांशी बोलायला घेतली. आज विद्यापीठात त्यासाठी केंद्र आहे, आणि जमातीची मुलं तिथं पदवी घेता घेता आपली भाषा शिकतात. माझ्या घरात दोन मुलं मराठीत ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. त्यामुळे त्या केंद्रापुढे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन.

बॉल स्टेट. हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "खेळाचंच दिसतंय." नाही. इंडियानात मन्सी नावाचं गाव आहे. तिथं नैसर्गिक वायू सापडला तेव्हा बॉल आडनावाचे भाऊ आपला काचेचा धंदा घेऊन बफेलोहून तिकडे गेले. अमेरिकेतल्या आज्या ज्या बरण्यांत टोमॅटो आणि काकड्या घालून ठेवतात, त्या बरण्या यांच्या. डबघाईला आलेलं एक अध्यापक महाविद्यालय त्यांनी १९१७ ला विकत घेऊन राज्याला दिलं. म्हणजे लोणच्याच्या बरणीवर उभं राहिलेलं विद्यापीठ. आमच्या घरी आईच्या लिंबाच्या लोणच्याला बॉलचीच बरणी आहे. नॉर्दर्न इलिनॉयच्या डीकाल्ब गावाचं तसंच, ते काटेरी तारेचं. १८७४ ला तारेचं पेटंट घेणाऱ्या ग्लिडननं विद्यापीठाला जमीन दिली.

याच नॉर्दर्न इलिनॉयनं ७ सप्टेंबर २०२४ ला नोत्र दाम या बड्या विद्यापीठाला त्यांच्याच मैदानात फुटबॉलमध्ये १६-१४ नं हरवलं. नोत्र दाम तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर होतं. गंमत अशी की त्या सामन्यासाठी नोत्र दामनंच त्यांना १४ लाख डॉलर मोजले होते. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला मॅकवाल्यांना पैसे देऊन बोलावतात, घरच्या प्रेक्षकांपुढे सोपा विजय मिळावा म्हणून. मॅकवाले मार खाऊन येतात आणि त्या पैशात बाकीचे खेळ चालवतात. तरी पुरत नाही, म्हणून उरलेलं विद्यार्थ्यांच्या फीमधून. फीचं हे वहिनींना ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा पलीकडे शांतता पसरली. हो वहिनी, तुमच्या मुलाच्या फीतला एक वाटा फुटबॉलला जाणार, त्याला चेंडूचा आकार माहीत नसला तरी. बदल्यात बहुतेक ठिकाणी सामना फुकट बघायला मिळतो.

आणि सामना असतो मंगळवारी. शनिवारी टीव्हीवर मोठ्या लीगची गर्दी, म्हणून नोव्हेंबरात हे लोक मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात. गोठवणारी थंडी, अर्धं रिकामं स्टेडियम, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामं. पण त्या वेळी देशभर दुसरा सामना नसतो, म्हणून लोक यांचाच बघतात.

मग काय विचारावं? रँकिंग नको. मुलाला विभागाची वेबसाइट उघडायला सांगा, त्याला हवा तो विषय किती प्राध्यापकांकडे आहे ते मोजू दे. असिस्टंटशिप, म्हणजे विभागातलं पगारी काम, मिळतेय का, त्यात ट्यूशन माफ होतेय का, दुसऱ्या वर्षीही मिळेल का, हे ईमेलवर लेखी विचारू दे. ओहायो युनिव्हर्सिटी १८०४ पासूनची आहे आणि तिचं पत्रकारितेचं स्कूल उत्तम आहे, म्हणून तिथं मेकॅनिकलला जाऊ नये. वेस्टर्न मिशिगनमध्ये विमानं शिकवतात. टोलेडो काचेचं आणि जीपचं गाव. गावात काय बनत होतं ते बघा, आणि ते बंद पडल्यावर विद्यापीठानं काय सांभाळलं तेही बघा.

वहिनींच्या मुलानं शेवटी केंट घेतलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. फंडिंग होतं, त्याचं बरोबरच होतं. नोव्हेंबरात केंटच्या डिक्स स्टेडियमवर चाकाचा सामना होता, मंगळवारचाच. माझ्याकडे जास्तीचा कोट होता, तो त्याला दिला. त्यावर झिप्स लिहिलेलं आहे हे त्यानं तिथं पोचल्यावर पाहिलं. अ‍ॅक्रन जिंकलं. केंट त्या हंगामात बाराच्या बारा सामने हरलं.

परतताना हीटरपुढे हात धरून तो म्हणाला, "काका, हे तुम्ही आईला फोनवर सांगितलं नव्हतं."

"तिनं विचारलं नव्हतं," मी म्हटलं.