सोफ्याची मधली जागा

सबवूफरच्या, म्हणजे सगळ्यात खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या, खोक्यावर ‘२० हर्ट्झ’ (सेकंदाला वीस कंपनं) हा आकडा ठळक छापलेला असतो. त्या २० हर्ट्झला आवाज किती डेसिबलने पडलेला असतो, हे सांगायला मात्र खोक्यावर जागा उरत नाही. ३ डेसिबलने पडत असेल तर आकडा खरा. १० डेसिबलने पडत असेल तर आपण छपाईचे पैसे दिले. त्यापेक्षा आपलं आपण मोजावं. लॅपटॉप, ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक माइक, एवढ्यावर भागतं. फोनचा माइक चालत नाही. वाऱ्याची घरघर नको म्हणून फोन खालचा आवाज आधीच छाटतो, आणि आपल्याला तर नेमका तोच हवा असतो.

पहिली अट शांततेची. पंखा बंद, फ्रिज बंद, सोसायटीचा पाण्याचा पंपही थांबलेला हवा. (हा छंद मे महिन्यात करू नये.) मग १५ हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा सूर सोडायचा. आधी काहीच ऐकू येत नाही. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, पुढेमागे हलताना दिसतो, कानाला मात्र शून्य. २० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच सुमारे ७८ डेसिबल लागतात. सुराने ३० हर्ट्झ ओलांडले की पोटात काहीतरी हलतं. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपण अजून त्याच्याही सप्तकभर खाली. मग मांडणीतला एक पेला वाजू लागतो. एकच, शेजारचे गप्प. सूर जरा वर सरकला की तोही थांबतो आणि शोकेसची काच सुरू होते. आई आतून विचारते, “अरे, कोण दळतंय?”

माइक कोनपासून बोटभर अंतरावर धरला तर लॅपटॉपवरच्या आलेखाची रेघ गुळगुळीत येते. ही रीत डॉन कील यांनी १९७४ साली मांडली. इतक्या जवळून खोली हिशेबातच येत नाही, मोजला जातो तो फक्त स्पीकर. तोच माइक सोफ्याच्या मधल्या जागी, कानाच्या उंचीवर नेला की ४० हर्ट्झला फुगवटा, आणि ५६ला रेघ कोकणकड्यासारखी सरळ खाली.

आमचा हॉल १४ बाय १० फुटांचा. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिची अर्धी लांबी १४ फुटांत बरोबर बसते. ५६ची अर्धी १० फुटांत. अशी लाट भिंतींमध्ये अडकून उभी राहते: भिंतीशी दाब सगळ्यात जास्त, मधोमध जवळजवळ काहीच नाही. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणून ४०चा फुगवटा. मधली जागा रुंदीच्या मध्यावर, म्हणून ५६चा खड्डा. दोन फूट बाजूला सरकलं की तो बराचसा भरतो. थोडक्यात, घरातल्या मानाच्या जागेवर बेसची बोंब, आणि कोपऱ्यात चपला काढणाऱ्याला मात्र तो भरभरून. मला हे फार आवडलं. पैसे खोक्याचे द्यायचे आणि वाजतात भिंती! त्यातून आपल्याकडच्या भिंती विटा-सिमेंटच्या, त्या आवाज जिरवत नाहीत, परत पाठवतात. जाड पडदे लाव, असं सांगणारे मित्र भेटतात. ४० हर्ट्झची पाव लाटसुद्धा दोन मीटरच्या वर जाते. तिला पडद्याचं काय!

इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या सोयीने, फुगवटा छाटता येतो, खड्डा बुजवता येत नाही. ताकद ओतत राहिलं तर ॲम्प्लिफायर तापतो, एवढंच.

सबवूफरसाठी जागा शोधायची एक उलटी रीत आहे. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि माइक घेऊन आपण जमिनीवर फिरायचं. रेघ जिथे सपाट, ती त्याची जागा. आवाज आणि कान यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. तर सबवूफर सोफ्यावर ऐटीत बसलाय, मी भिंतीकडेने रांगतोय, आणि बाबा बातम्यांच्या वेळेला बाहेर आले. “आता हा बसणार का इथं?”

सगळ्यात सपाट रेघ लांबीच्या भिंतीला, बाल्कनीच्या दाराशी मिळाली. तिथे पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड असतो. आईने ती चर्चा सुरू होण्याआधीच संपवली. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यातच राहिला, ४०चा फुगवटा मी छाटला, ५६चा खड्डा आहे तिथे आहे. त्यात बाबा बसतात. त्यांची काही तक्रार नाही. बातम्यांमधल्या भांडणांत ८० हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतं.