अकाउंट गेलं? आधी नोटीस वाचा

‘माझं अकाउंट गेलं, काहीतरी कर ना,’ असा मेसेज आला की मी सगळ्यात आधी नोटिशीचा स्क्रीनशॉट मागवते. बहुतेक वेळा अकाउंट गेलेलं नसतंच. एखादी पोस्ट काढलेली असते, काही दिवस कमेंट करायला मनाई असते, नाहीतर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्यामुळे सुरक्षेसाठी कुलूप लागलेलं असतं. कुलूप असेल तर नियम मोडला नाही म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. ओळख पटवायची आणि पासवर्ड बदलायचा. यूट्यूबवर तर हिशेब ठरलेला आहे. सहसा आधी ताकीद मिळते. मग पहिला स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, आली की आठवडाभर व्हिडिओ टाकता येत नाही, 90 दिवसांत दुसरा आला की दोन आठवडे, आणि तिसरा आला की चॅनलच काढून टाकतात.

अपील लिहिताना माणूस दुखावलेला असतो. एका मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘माझ्या सगळ्या आठवणी आहेत त्यात, तुम्हाला काही माणुसकी आहे की नाही?’ तिची तगमग मला कळत होती. पण तपासणाऱ्यासमोर असते एक पोस्ट आणि एक नियम. आम्ही ते सगळं खोडलं आणि लिहिलं: ‘ही पोस्ट धमकी म्हणून काढली आहे. अवतरणातलं वाक्य मला आलेल्या धमकीचं आहे, मी तिच्याबद्दल तक्रार करत होते. आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचावं.’ पोस्ट परत आली.

मागचंपुढचं न बघता कारवाई होते, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्राझीलमधल्या एका इन्स्टाग्राम वापरकर्त्याने स्तनांच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारे फोटो टाकले. यंत्रणेने ते नग्नता म्हणून आपोआप काढले. चित्रावर पोर्तुगीजमध्ये कर्करोगाचं नाव होतं, ते यंत्रणेला ओळखता आलं नाही. जनजागृतीसाठी असे फोटो चालतात, हे कंपनीच्याच नियमांत होतं! इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे असे निर्णय तपासणारं स्वतंत्र मंडळ म्हणजे ओव्हरसाइट बोर्ड. प्रकरण त्या बोर्डाने हातात घेतल्यावर पोस्ट परत आली. जानेवारी 2021 च्या निर्णयात बोर्डाने सांगितलं, की निर्णय यंत्राने घेतला असेल तर तसं कळवा आणि माणसाकडे दाद मागू द्या.

युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने तर हे कायद्यातच आणलं. कोणत्या नियमाखाली कारवाई झाली, का झाली, त्यात यंत्राचा हात होता का आणि दाद कुठे मागायची, हे सगळं वापरकर्त्याला कळवावं लागतं. ‘आमच्या नियमांचं उल्लंघन झालं आहे’ एवढ्या एका ओळीवर बोळवण झालेल्या माणसाने अपिलात लिहायचं तरी काय? म्हणून हा हक्क मला सगळीकडे हवा आहे.

आणि हो, ‘पैसे द्या, अकाउंट सोडवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अपील प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पानावरूनच करा. ओटीपी मागणाऱ्याला लगेच ब्लॉक करा.