दिवस 43: पेंड बदलली, टेप हलली

गेल्या नोंदीत रडगाणं गायलो होतो की डुकराची पिल्लं खातात भरपूर, पण अंगाला लागत नाही. कारण माझ्याच वहीत होतं.

जुनं मिश्रण 100 किलोला असं: मक्याचा भरडा 70, शेंगदाणा पेंड 20, गव्हाचा कोंडा 8, बाकी मिनरल मिक्स्चर आणि मीठ. प्रोटीन 16 टक्क्यांच्या वर, म्हणून मी निर्धास्त. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री नुसत्या लायसिनची बेरीज मांडली. लायसिन म्हणजे प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं एक. मक्यात ते 0.25 टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा पेंडीत जेमतेम दीड, कोंड्यात 0.6. एकूण 0.52! तीस किलोच्या पिल्लाला साधारण 1 टक्का हवं. लायसिन तोकडं पडलं की बाकीच्या अमिनो आम्लांचंही मांस होत नाही. ती फुटतात आणि नायट्रोजन लघवीवाटे जातो, त्याचा अमोनिया होतो. सकाळी शेडचं दार उघडताच डोळे चुरचुरायचे, ती माझीच महागडी पेंड.

आता मका 70, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) 23, कोंडा साडेचार, मिनरल-मीठ सव्वादोन आणि एल-लायसिन पावडर 250 ग्रॅम. प्रोटीन 17, लायसिन 1.04. पावडर आधी दोन किलो भरड्यात हाताने चोळायची, मग ते दहा किलोत, मग ढिगात. पहिल्या खेपेला आळस केला, तर घमेल्याच्या तळाशी पांढरे खडे निघाले.

कोंडा वाढवून पैसे वाचवायचा मोह मलाही होतो. पण मक्यात किलोमागे 3,400 किलोकॅलरी तर कोंड्यात 2,300च्या आसपास. डुक्कर ऊर्जा भागेपर्यंत खातं. लहान पिल्लाचं पोट मात्र कोंड्यानेच गच्च होतं. उलट तेल घातलं तर ते कमी खाणार, म्हणजे लायसिनही कमी पोटात जाणार. म्हणून नुसता टक्का बघणं सोडलं. 1,000 किलोकॅलरीमागे किती ग्रॅम लायसिन, ते बघतो. सध्या 3.2.

काटा नाही, टेपवर भागवतो: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत), सगळं मीटरमध्ये, गुणिले 69.3. मिश्रण बदललं त्या दिवशी मोठ्या नराचा घेर 70 सेंमी, लांबी 88, म्हणजे 30 किलो. काल 78 आणि 100, म्हणजे 42. मिश्रण बदलण्याआधीच्या तीन आठवड्यांत सातच किलो चढला होता. वयानेही वाढ जोर धरते, तेव्हा सगळं श्रेय पावडरीला देत नाही.

कानतुटकी पिल्ली मात्र मागेच. गव्हाणीवर दोघं तिला रेटून बाजूला काढतात, तिथे लायसिन काय करणार! उद्यापासून तिची पाटी वेगळी.

बाकीची अमिनो आम्लंही लायसिनच्या प्रमाणात बघितली. थ्रिओनिन लायसिनच्या 60 टक्के, चालेल. मेथिओनिन-सिस्टिन मिळून 53 टक्केच येतंय. पुढच्या 100 किलोत 50 ग्रॅम डीएल-मेथिओनिन पावडर घालणार, कोंडा तेवढाच कमी.