सॅक कुणाच्या नावावर मांडायचा?

माझा मामेभाऊ शिकागोला असतो, तिथं गेल्यावर बेअर्सचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या तिथल्या टीमचा, फॅन झाला आणि तेव्हापासून माझ्या झोपेचं खोबरं झालंय. रविवारी रात्री इथं साडेदहा-साडेअकरा वाजले की ह्याचा कॉल, "काय बे, झोपायलास का, लाव की मॅच." पहिल्या वर्षी मला एवढंच कळायचं की जाडजूड माणसं एकमेकांच्या अंगावर पडायलेत आणि मधी मधी जाहिराती लागायलेत. आता मी बॉलकडं बघतच नाही. खरंच, सवयच गेली. बॉल कुठं गेला ते कॉमेंटेटर ओरडून सांगतोच की.

मी बघतो ते पुढच्या पाच जणांकडं. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, कडेला दोन टॅकल, अशी ही ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन १४० किलोच्या आसपास, ५० ते ७९ मधला जर्सी नंबर, आणि एरवी पास पकडायची सुद्धा परवानगी नाही. काम काय तर मागं उभ्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची. चांगलं काम केलं तर काहीच घडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. चुकलं की क्वार्टरबॅक जमिनीवर, म्हणजे सॅक, आणि मग त्याचाच रिप्ले चार अँगलनी.

भांडण झालं ते २०२४ च्या सीझनवरून. बेअर्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला आणि त्या पोराला पहिल्याच सीझनला ६८ वेळा सॅक केलं. (अडुसष्ट हा आकडा आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या लिंगांचा, त्यामुळं मला तो विसरायची सोयच नाही.) एका सीझनचा रेकॉर्ड ७६ चा आहे, २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड कारचा, म्हणजे हा त्याच्या बराच जवळ गेला. भाऊ म्हणला, लाइन भंगार आहे, पाचीच्या पाची हाकलून द्या. मी म्हणलं थांब की, ६८ पैकी लाइनच्या नावावर किती आणि पोरानं स्वतः ओढवून घेतले किती, ते बघितलंस का? तर म्हणतो, सॅक म्हणजे लाइनची चूक, ह्यात बघायचं काय.

इथं मला आमचे अप्पा आठवतात. अप्पांनी चादरीच्या कारखान्यात माग चालवला, जवळजवळ पूर्ण आयुष्य. कारखान्याचं नाव सोडा. तिथली रीत अशी होती की घडी घालताना चादरीत खोट सापडली, तार तुटलेली, पट्टा पडलेला, की माल डॅमेज, आणि पैसे कापायचे ते ज्याच्या मागावरून चादर उतरली त्याचे. बिमच (ताण्याचा रूळ) ढिला भरून आला असेल, सूतच कच्चं असेल, जॉबरनं दुरुस्ती अर्धवट सोडली असेल, ते वहीत कुठं येणार? वहीत फक्त माग नंबर. अप्पा घरी येऊन भाकरी कुस्करत म्हणायचे, कापड वाचायला येत नाही त्यांना, नंबर तेवढे वाचता येतात. तेव्हा मला ते रडगाणं वाटायचं.

लाइनमनचं डिट्टो तसंच आहे. एनएफएलमध्ये खेळाडूच्या नावावर सॅक अधिकृतपणे मोजायला लागले १९८२ पासून, तेही ज्यानं पाडलं त्याच्या खात्यात. कुणाच्या हातून निसटला त्याचं अधिकृत खातंच नाही. लाइनमनच्या नावापुढं अधिकृत काय तर किती मॅच खेळला आणि किती पेनल्टी दिल्या, झालं. आणि पेनल्टीचं पण बघा, होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचे, दहा यार्ड जातात पण तो डाऊन, म्हणजे तो प्रयत्न, परत खेळायला मिळतो, म्हणजे माणूस सुटलाच आहे आणि क्वार्टरबॅकची पाठ त्याच्याकडं आहे अशा वेळी शर्ट धरून ठेवणं हे कधी कधी शहाणपणाचं काम असतं. आकड्यात मात्र ते पाप म्हणूनच लागतं.

बरं, नुसते सॅक मोजून किती फसायला होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ७ फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल. आपल्याकडं सोमवारची पहाट होती. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळं बाहेर, म्हणून लाइनची जुळवाजुळव करून खेळले आणि टँपा बेकडून ३१-९ नं हरले. स्कोअरकार्डवर त्यांच्या क्वार्टरबॅकचे, पॅट्रिक महोम्सचे, सॅक किती? तीन. फक्त तीन. कुणी म्हणेल बरी होती की लाइन. पण प्रेशर, म्हणजे समोरचे त्याच्या अंगावर किती वेळा आले, ते मोजले तर २९, सुपर बोलमधला रेकॉर्ड. गडी सगळी मॅच मागं मागं पळत होता, पडता पडता आडवा होऊन पास टाकत होता. सॅक वाचवले ते त्यानं, लाइननं नाही. उलटं पण घडतं, लाइननं तीन सेकंद भिंतीसारखं धरलं आणि पोरगं चौथ्या-पाचव्या सेकंदाला पण बॉल हातात घेऊन यात्रेत हरवल्यासारखं फिरायलंय, तर तो सॅक लाइनचा कसा? क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं बघा, करिअरभर सॅकचं प्रमाण इतकं कमी की त्याच्यापुढच्या प्रत्येक लाइनला फुकटात शाबासकी मिळाली असणार. बॉलच हातात ठेवायचा नाही हो तो.

मग मोजायचं कसं, तर हल्ली दोन-तीन पद्धती चालतात. ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट आहे. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, त्यावरून कोण कुठं आहे ते सेकंदाला दहा वेळा नोंदलं जातं, आणि लाइनमननं आपला माणूस अडीच सेकंद किंवा जास्त रोखला तर तो जिंकला. मला हे आवडतं, कारण पुढं क्वार्टरबॅकनं काय दिवे लावले त्याचा ह्याला संबंध नाही. पण अडीच सेकंदाची रेघ म्हणजे रेघच, एकजण रेघेच्या जरा अलीकडं हरला आणि दुसरा लाटेसारखा अंगावरून गेला, दोघांची हार सारखीच. दुसरी पद्धत पीएफएफ ह्या कंपनीची, तिथं माणसं बसून प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक प्ले, म्हणजे प्रत्येक डाव, बघतात आणि उणे दोन ते अधिक दोन, अर्ध्या-अर्ध्या मार्कानं ग्रेड देतात, मग ते शून्य ते शंभरात बदलतात. ह्यात नजर आहे, बारकावा आहे. अडचण अशी की त्या प्लेमध्ये कोच काय बोलला होता ते ग्रेड देणाऱ्याला माहीत नसतं. म्हणजे सेंटरनं सगळ्या लाइनला डावीकडं सरकायला सांगितलं, उजवीकडून येणारा जादाचा माणूस रनिंग बॅकनं, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यानं, घ्यायचा होता, त्यानं घेतला नाही, आणि टीव्हीवर दिसतं काय तर उजव्या टॅकलच्या शेजारून माणूस मोकळा आला. मार्क कुणाचे कापणार?

बॉल घेऊन पळण्याच्या खेळात तर अजून गोंधळ. फुटबॉल आउटसायडर्स ह्या वेबसाइटवाल्यांनी एक हिशोब काढला होता, ॲडजस्टेड लाइन यार्ड्स. तोटा झाला तर लाइनच्या खात्यात १२० टक्के, शून्य ते चार यार्ड पूर्ण लाइनचे, पाच ते दहा निम्मे, आणि अकराव्या यार्डापासून पुढचं सगळं पळणाऱ्याचं. ऐकायला एकदम भावकीतल्या वाटणीसारखं वाटतं पण डोकं आहे त्यात, कारण मोठी वाट लाइन करून देते पण ४० यार्ड पळायला पाय पळणाऱ्याचेच लागतात. फक्त हे पाच जणांचं मिळून झालं. त्यातला डावा गार्ड कसा आहे ते ह्यातून कळत नाही. तो गार्ड आणि सेंटर मिळून एकाला ढकलतात, मग त्यातला एक बरोबर वेळेला सुटून समोरच्या टीमच्या मागच्या फळीतल्या लाइनबॅकरकडं जातो, ते सुटायचं टायमिंग हीच खरी कला, आणि ती कुठल्याच रकान्यात मला सापडलेली नाही.

म्हणून मी स्वतः वही घातली. हसू नका. ऑल-२२ म्हणून एक फुटेज असतं, वरून काढलेलं, बावीसच्या बावीस जण दिसतात, ते लावायचं, मोबाईलवर स्टॉपवॉच, आणि एका मॅचमध्ये एकाच माणसाकडं बघायचं. पाची जणांकडं एकदम बघायला गेलं की काहीच दिसत नाही, हे मी महिनाभर डोळे फोडून शिकलो. आधी पाय बघायचे. पाय चालू आहेत का थांबले? थांबले की माणूस कमरेतून वाकतो, हात लांब जातात आणि मग पुढचं मरण ठरलेलं. मग हात, छातीवर आधी कुणाचे बसले. मग त्याला मदत होती का, शेजारच्या गार्डची नाहीतर लाइनच्या कडेला उभ्या टाइट एंडची, का एकटाच बेटावर सोडला होता. एकट्यानं हरलेला प्ले आणि मदत असून हरलेला प्ले मी एका भावात धरत नाही. आणि समोर कोण होता ते पण लिहितो. साध्या माणसासमोर मॅचभर टिकला आणि सॅक काढण्यात नावाजलेल्या माइल्स गॅरेटसमोर दोनदा हरला, तर मला दुसऱ्याचं जास्त कौतुक वाटतं.

भावाला मी जो थॉमसचं पण सांगितलं. क्लीव्हलँडचा लेफ्ट टॅकल, २००७ ते २०१७, सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे तेवढे प्ले, एकही न चुकवता खेळला, आणि प्लेऑफची एक मॅच नशिबात आली नाही. मागचे क्वार्टरबॅक येत होते जात होते. नुसतं टीमच्या निकालावरून लाइनमन मोजला असता तर हा माणूस हरणाऱ्यांच्या ढिगात गेला असता, पण २०२३ ला पात्र झाल्याबरोबर हॉल ऑफ फेममध्ये. कारण बघणाऱ्यांनी त्याला बघितला होता.

भावाचं म्हणणं सगळंच चूक होतं असं नाही. मार्च २०२५ मध्ये बेअर्सनीच लाइनचा मधला भाग नवा केला, कॅन्सस सिटीहून जो थूनी आणला, रॅम्सकडून जोना जॅक्सन, सेंटरला ड्र्यू डालमन. एवढा खर्च कुणी उगीच करत नाही. पण त्याच्याआधी जानेवारीत बेन जॉन्सनला कोच म्हणून पण आणला होता ना, बॉल लवकर सुटावा ते पण कोचच बघतो. म्हणजे त्यांनी दोन्हीकडं औषध लावलं. माझं एवढंच म्हणणं आहे की २०२४ चे ६८ च्या ६८ एका खात्यात टाकू नका.

परवा दुपारी तेच जुने सॅक परत बघायलो होतो तर अप्पा शेजारी येऊन बसले, हातात शेंगाचटणी-भाकरीची ताटली. त्यांना नियम काही माहीत नाहीत. मी म्हणलं अप्पा, हा कडेचा माणूस हरला, बघा, समोरचा वळसा घालून मागून गेला. त्यांनी दोनदा लावायला लावलं. मग म्हणले, "हा तर त्याला लांबूनच फिरवायला होता की रे. तो मागचा एवढा मागं कशाला जाऊन उभारला?"

मी पॉज करून यार्डाच्या रेघा मोजल्या. टॅकल वळसा बाहेरून काढून देतो तो क्वार्टरबॅक सात-नऊ यार्ड मागं आहे हे धरून. हा गेला होता अकरावर. म्हणजे टॅकलनं ज्या वाटेनं त्याला लांब घालवला त्याच वाटेच्या तोंडाशी जाऊन हा उभा. माझ्या वहीत तो सॅक टॅकलच्या नावावर, पेननं, वर दोन रेघा मारून. खोडला. मग भावाला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, हा तुझ्या पोराचा. तिकडं रात्रीचे अडीच वाजलेले, तरी टिका निळ्या झाल्या. रिप्लाय अजून नाही. अप्पा मात्र ताटली खाली ठेवून म्हणायलेत पुढचा लाव, आणि माझ्याकडं अजून त्या सीझनचे बरेच बाकी आहेत.