तुम्ही विचारलंत म्हणून: दोन रंगांचं विणकाम आखडतं का?

गुहागरला आमच्याकडे विणकाम दाखवायला येणाऱ्या बायका बहुतेक हेच विचारतात. "काकू, एका रंगाचा भाग छान सपाट बसतो. नक्षी सुरू झाली की सगळं आत ओढलं जातं. ब्लॉकिंग केलं की सरळ होईल ना?" (ब्लॉकिंग म्हणजे विणलेलं भिजवून, मापाला पसरून वाळवणं.) पाहुणे विचारतात तो प्रश्न वेगळा: इथल्या उकाड्यात लोकर कशाला? त्याचं उत्तर सोपं आहे. बाळंतविड्यात टोपडं-मोजे आपल्याकडेही लागतात, आणि कितीतरी घरांतली नातवंडं आता थंड मुलखात वाढतात. पहिल्या प्रश्नाला मात्र नीट बसून उत्तर द्यायला हवं.

टाके लहानमोठे पडले असतील तर ब्लॉकिंगने ते बरेचसे सारखे होतात. मागचे धागे आखूड राहिले असतील, तर होणार नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आइल पद्धतीत एका ओळीत दोनच रंग चालतात. ज्या रंगाची पाळी नसते, तो मागून आडवा जातो. त्याला फ्लोट म्हणतात. टाका म्हणजे फास, तो ताणला की पसरतो. फ्लोट सरळ जातो, त्याला पसरायला जागाच नसते. तो जेवढा सोडाल तेवढीच त्या कापडाची रुंदी. हिशेब करून बघा. साध्या विणीत 10 सेंटिमीटरला 22 टाके बसत असतील, तर 200 टाक्यांचा घेर 91 सेंटिमीटर होतो. नक्षीत हात आवळून तेच 25 बसले, की घेर 80 वर येतो. अकरा सेंटिमीटर गेले! ते पाण्यात भिजवून परत येत नाहीत.

म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून घ्या, आणि मग नवा धागा आणा. पसरलेल्या टाक्यांमागून धागा गेला की तो आपोआप पुरेसा लांब पडतो. पाच टाक्यांहून लांब फ्लोट मध्ये एकदा अडकवावा, पण वरच्या ओळीत त्याच जागी नको, नाहीतर पुढून रंग डोकावतो. टोपडं, मोजे अशा लहान घेराला मी काम उलटं करून विणते. सुलट बाजू आत, फ्लोट बाहेर. बाहेरचा घेर किंचित मोठा, त्यामुळे धागा आखडत नाही. तरीही हात आवळतच असेल तर नक्षीपुरती अर्ध्या नंबरने मोठी सुई घ्या, त्यात कमीपणा काही नाही. नक्षीचा रंग सतत खालून आणि पार्श्वभूमीचा वरून न्या. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका जरा मोठा पडतो आणि नक्षी उठून दिसते. मध्येच अदलाबदल झाली तर फुलं अर्धी ठसठशीत, अर्धी फिकी दिसतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. घामेजल्या बोटावर लोकर चिकटते, सरकत नाही, आणि टाका घट्ट बसतो. सकाळी विणलेला आणि दुपारी विणलेला भाग शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. नक्षीच्या ओळी सकाळी, आणि दुपारी हवं तर एकरंगी बाही. धातूच्या सुया घ्या, त्यांवर टाके बरे सरकतात.

आता ब्लॉकिंग. लाल-पांढरी जोडी असेल तर आधी नमुन्याचा तुकडा भिजवून रंग जातो का बघा. मग कोमट पाण्यात लोकरीचा साबण घालून अर्धा तास भिजवा, पिळू नका. पंचात गुंडाळून दाबा. सुती पंचा पाणी चटकन ओढतो. मापाला पसरून टाचण्या लावायच्या, त्या स्टेनलेस स्टीलच्याच. खाऱ्या हवेत साध्या टाचणीला गंज धरतो, आणि पांढऱ्या लोकरीवर पडलेला गंजाचा ठिपका सहजी निघत नाही.

दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुधा अ‍ॅक्रिलिक असतं, आणि ते नुसतं भिजवून नव्या मापाला बसत नाही. धाग्याचं टोक चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरडली जाणारी राख म्हणजे खरी लोकर. वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. त्यात सगळी भिस्त हातावर.

खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धरूनही ओली लागत नाही. म्हणून जुलैत वाळवणं अवघड. मोठे स्वेटर मी पावसाळ्यात विणते आणि धुते दसऱ्यानंतर. पण बाळ श्रावणात येणार असेल तर थांबता येत नाही. तेव्हा टोपडं फुगवलेल्या फुग्यावर चढवून पंख्याखाली दोरीला टांगा, वारा सगळीकडून लागतो. दुसऱ्या दिवशी हात आत घालून फ्लोट चाचपा. बाहेरून कोरडं वाटलं तरी ती बाजू गार लागते. गार लागतंय तोवर घडी घालू नका.