मॉर्फिड नाही हो, मॉर्विद

शनिवारी रात्री जेवणं झाली, मुलीने टीव्हीवर ती अंगठ्यांची सिरीज, 'रिंग्ज ऑफ पॉवर', लावली, मी आपला नेहमीसारखा मोबाईलमध्ये. तेवढ्यात सोनेरी केसांची, चिलखत घातलेली गॅलाड्रिएल आली आणि पोरगी म्हणाली, "बाबा, ही मॉर्फिड क्लार्क, कसली भारी आहे ना." मी मान डोलावली. मग उगाच सर्च केलं तर कळलं की आम्ही दोघंही चुकतोय, ते मॉर्फिड नाहीच, मॉर्विद आहे, स्पेलिंग Morfydd. वेल्श भाषेत, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेत, एक एफ लिहिला की तो व, खरा फ हवा असेल तर दोन एफ लिहायचे. आणि शेवटी जे दोन डी दिसतात तिथे ड बिड काही नाही, इंग्रजी 'दिस', 'दॅट' म्हणताना जीभ दाताला लागते ना, तसला मऊ द.

मला असल्या गोष्टीत जरा जास्तच इंटरेस्ट, कारण माझ्या आडनावात ळ आहे. ऑफिसच्या कॉलवर बावीस वर्षं मी त्याचा ल झालेला ऐकतोय. सुरुवातीला सुधारायचो, मग कंटाळलो, आता तर मी स्वतःच ल म्हणून मोकळा होतो, वेळ वाचतो. हॉलिवूडला जायचं तर या बाईलाही मॉर्गन वगैरे काहीतरी सुटसुटीत करून घेता आलं असतं की. नाही केलं. म्हटलं बघू तरी कोण आहे.

जन्म १९८९चा, स्वीडनमधला, पण वाढली वेल्समध्ये, पेनार्थला. पेनार्थ म्हणजे वेल्सच्या राजधानीला, कार्डिफला, लागून असलेलं समुद्रकाठचं गाव, आता पिअरवर फिरायला येणाऱ्यांचं, पण एके काळी कोळशाचं बंदर. खाणींमधला कोळसा जहाजात भरायला तिथे १८६५ मध्ये डॉक सुरू झाला होता (हा कोळसा लक्षात ठेवा, पुढे लागणारे). आणि ती वेल्श बोलते, जे वाटतं तितकं कॉमन नाहीये, २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे निघाले १७.८ टक्के, म्हणजे साधारण पाच लाख अडतीस हजार. एकट्या सोलापुरात याहून जास्त माणसं राहतात. तरी त्यांचं स्वतःचं टीव्ही चॅनेल आहे, १९८२ पासून, आणि ते कसं मिळालं माहितीये, ग्विन्वोर एव्हान्स नावाच्या पुढाऱ्याने १९८० मध्ये जाहीर केलं की चॅनेल दिलं नाही तर आमरण उपोषण, आणि थॅचरबाईंचं सरकार नमलं. थॅचरबाई! उपोषणाला बसावंसुद्धा लागलं नाही.

तर ही मुलगी लंडनला ड्रामा सेंटरमध्ये शिकत होती आणि शेवटच्या वर्षात कोर्स सोडून निघाली. आपल्याकडे आईबापांनी डोक्याला हात लावला असता. कारण काय, तर नाटकात काम मिळालं, आणि नाटक कुठलं, तर वेल्शमधलं, साँडर्स लुइसचं 'ब्लोडायवेद'. जुनी वेल्श कथा आहे, एका राजपुत्रासाठी जादूगार फुलांपासून बायको बनवतात, ती पुढे भलत्याच्याच प्रेमात पडते आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड होतं.

मग काही वर्षं छोटी मोठी कामं, जेन ऑस्टिनच्या गोष्टीवरच्या सिनेमात केट बेकिन्सेलची बिचारी मुलगी वगैरे. २०१९च्या सप्टेंबरमध्ये मात्र टोरंटोच्या फेस्टिव्हलला तिचे दोन सिनेमे एकदम आले. एक डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड, डेव्हिड झालाय आपला देव पटेल, आणि त्याची आई पण मॉर्विद आणि तो जिच्या प्रेमात पडतो ती डोरा पण मॉर्विदच. पोरं आईसारखी मुलगी शोधतात म्हणतात, दिग्दर्शकाने ते फारच मनावर घेतलं.

दुसरा 'सेंट मॉड'. मरणाच्या दारातल्या पेशंटची सेवा करणारी एक एकटी नर्स, तिला वाटतं देव आपल्याशी बोलतो, आणि प्रेक्षक दीड तास खुर्चीचे हात धरून बसतो. तर त्यात देव खरंच बोलतो आणि तो बोलतो वेल्शमध्ये! आवाज मॉर्विदचाच आहे, फक्त खोल, खर्जातला करून घेतलाय. म्हणजे देव तिच्याच घरच्या भाषेत, तिच्याच आवाजात. मी तो सीन तीनदा मागे घेऊन ऐकला, दुसऱ्यांदा लाईट लावून.

आता कोळसा. टॉल्किन, म्हणजे ज्याने ही अंगठ्यांची दुनिया लिहिली तो, लहान असताना बर्मिंगहॅमला रेल्वेलाइनच्या कडेला राहायचा. साउथ वेल्सकडून कोळशाच्या वाघिणी यायच्या आणि त्यांच्यावर ती अशीच न वाचता येणारी नावं लिहिलेली असायची, पोराला त्यांचं वेड लागलं. पुढे त्याने एल्फ लोकांसाठी सिंदारिन भाषा बनवली तेव्हा तिचा नाद सरळ वेल्शवरून घेतला. आणि सव्वाशे वर्षांनी कोळशाच्या बंदरगावातली पोरगी एल्फ होऊन ती भाषा बोलायला उभी. न्यूझीलंडला, कोविडच्या काळात घरापासून इतक्या लांब शूटिंग करताना तलवार आणि घोडा जड गेला असेल, पण ती भाषा काही फार परकी वाटली नसावी.

वेल्शची एक गंमत सांगायची राहिली. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, ठाण्याहून, पुण्याला. त्यांच्याकडे तोंड बदलतं. कार्डिफला ते म्हणतात कायर्दीद, 'कार्डिफला जातो' म्हटलं की होतं गायर्दीद, आणि 'कार्डिफमध्ये' म्हटलं की ङ्हायर्दीद. ङ! जो आपल्याला फक्त अंकलिपीत आणि वाङ्मयात भेटतो, त्याने ही माणसं शब्द सुरू करतात. सिंदारिनमध्येही तोंडं अशीच बदलतात. रविवारी मी हे घरात मोठ्याने म्हणून बघत होतो तर मुलीने आलं घातलेला चहा आणून दिला.

सोमवारी कॉलवर एक नवीन माणूस होता. ओळख करून देताना मी चांगला ठसठशीत ळ म्हणालो. तो म्हणाला, सॉरी, कॅन यू स्पेल इट?

मी म्हटलं, एल.